लढाईवर गेलेल्या माणसाचा माग

पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धात गेलेल्या आजोबा-पणजोबांचा शोध घ्यायचा ठरला, की बहुतेक जण आधी इंटरनेटवर त्यांचे नाव टाकतात. एकतर काहीच सापडत नाही, नाहीतर त्याच नावाचे दहा-वीस शिपाई एकदम समोर येतात. मग माणूस हिरमुसतो आणि शोध तिथेच सुटतो. म्हणून आधीच सांगायला हवे, की या शोधात नाव हे सगळ्यात कच्चे साधन आहे. पक्की साधने दोन : शिपायाचा नंबर आणि त्याची पलटण. ही दोन्ही बहुतेक वेळा लंडनच्या दप्तरात सापडत नाहीत. ती तुमच्या माळ्यावरच्या ट्रंकेत, भावकीतल्या कुणाच्या तरी कपाटात किंवा तालुक्याच्या रेकॉर्डरूममध्ये असतात. शोध घरापासून सुरू करायचा तो यासाठी.

पहिल्या महायुद्धात अखंड हिंदुस्थानातून तेरा लाखांवर माणसे गेली आणि त्यांतली सुमारे ७४,००० परतली नाहीत. दुसऱ्यात सैन्य पंचवीस लाखांपर्यंत वाढले आणि सुमारे ८७,००० मृत्यू पावले. रत्नागिरी, कुलाबा, सातारा, पुणे, कोल्हापूर, सावंतवाडी या पट्ट्यातली कितीतरी घरे या आकड्यांत आहेत. पण आपल्याकडे ‘लढाईवर गेला’ म्हटले की ‘मराठा पलटणीत होता’ असे धरून चालतात, आणि पुष्कळ शोध तिथेच भरकटतो. मराठी माणूस मराठा पलटणींप्रमाणेच खडकीच्या सॅपर्समध्ये होता, ग्रेनेडियर्समध्ये होता, १९१७ साली उभारलेल्या १११व्या महार पलटणीत होता, पायोनियर्समध्ये होता. खेचरांच्या तांड्यात, डोलीवाल्यांत, इस्पितळात, भटारखान्यात, मजूर तुकड्यांत होता. कागदावर ‘ड्रायव्हर’ असा हुद्दा दिसला तर मोटार डोळ्यांपुढे आणू नका. पहिल्या महायुद्धातला ड्रायव्हर बहुधा खेचरे हाकणारा असे.

घरी विचारताना ‘आजोबा कुठे मेले?’ असा थेट प्रश्न विचारून फारसे हाती लागत नाही. तार कुणाच्या नावाने आली, पेन्शन कोण आणत असे, ते आणायला कुठल्या गावी जावे लागे, आजीने कुंकू कुठल्या सणाच्या आसपास पुसले, बरोबर गावातले आणखी कोण गेले होते, त्यांतले कोण परत आले, असे विचारा. पेन्शनचे गाव कळले की खजिना कळतो. सणावरून महिना निघतो. बरोबर गेलेल्याचे नाव हा सगळ्यात मोलाचा धागा, कारण एका गावची पोरे बहुधा एकाच भरतीत, एकाच पलटणीत दाखल होत आणि त्यांचे नंबर पुष्कळदा जवळजवळचे असत. तुमच्या पणजोबांचे कागद गेले असतील, पण शेजारच्या घरात त्यांच्या सोबत्याचे पदक असेल, तर पलटण तिथून कळू शकते.

घरातल्या बोलण्याचा अर्थही नीट लावायला हवा. ‘बसऱ्याला गेले’ याचा अर्थ बसरा शहर असेलच असे नाही. आजच्या जवळजवळ सगळ्या इराकला, म्हणजे तेव्हाच्या मेसोपोटेमियाला, आपल्याकडे बसराच म्हणत, कारण जहाज तिथे लागे. ‘आफ्रिकेत होते’ म्हणजे पूर्व आफ्रिका असेल, इजिप्त असेल, किंवा दुसऱ्या युद्धातले इरिट्रिया आणि लिबियाही असेल. ‘जर्मनच्या लढाईत’ एवढ्याने तर दोन्ही युद्धे डोळ्यांपुढे येतात. अशा वेळी त्यांच्या धाकट्या मुलाच्या जन्माचे साल काढा. कोणते युद्ध ते पुष्कळदा तेवढ्याने ठरते.

आता वस्तू. पहिल्या महायुद्धाची पदके सापडली तर निम्मे काम झाले. चांदीच्या वॉर मेडलच्या आणि पितळी रंगाच्या व्हिक्टरी मेडलच्या कडेवर बारीक अक्षरांत नंबर, हुद्दा, नाव आणि पलटण कोरलेली असते. ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर तीच माहिती मागच्या बाजूला असते. मजूर आणि इतर बिगरलढाऊ माणसांना वॉर मेडल चांदीऐवजी ब्राँझमध्येही दिले गेले, तेव्हा रंग पाहून ‘हे खोटे’ असे म्हणू नका. पदक चिंचेने किंवा पॉलिशने घासू मात्र नका. कडेची अक्षरे आधीच झिजलेली असतात, आणि तुम्हाला हवे ते नेमके तिथेच आहे. तिरका उजेड टाकून मोबाइलने फोटो काढा, अक्षरे उठून दिसतात. दुसऱ्या युद्धातल्या पदकांवर नाव असेलच असे नाही, पण ‘आफ्रिका स्टार’, ‘बर्मा स्टार’, ‘इटली स्टार’ यांवरून माणूस कुठे होता हे कळते.

आणखी एक वस्तू लोकांच्या घरात असते आणि ती काय आहे हे त्यांना ठाऊक नसते. ब्राँझची, अर्ध्या वितीहून थोडी मोठी, सुमारे बारा सेंटिमीटर व्यासाची गोल तबकडी. तिच्यावर त्रिशूळ धरलेली स्त्री, सिंह आणि एका चौकटीत माणसाचे नाव. पहिल्या महायुद्धात मेलेल्याच्या वारसाला ही ब्रिटिश सरकारकडून येई. तिच्यावर हुद्दाही नसतो, नंबरही नसतो, पण ती घरात असणे हाच पुरावा आहे की सरकारदरबारी त्या माणसाचा मृत्यू युद्धातला म्हणून नोंदला गेला. म्हणजे कुठेतरी त्याचे नाव असायलाच हवे, आणि नसेल तर ते मागायचा तुम्हाला हक्क आहे.

फोटो असेल तर टोपी, फेटा, खांद्यावरची अक्षरे आणि बिल्ला नीट पाहा. मराठा पलटणींच्या बिल्ल्यावर रणशिंग असते. डिस्चार्जचा कागद, पगाराचे पुस्तक, मनीऑर्डरची पावती, जंगी इनामाची सनद यांतले काहीही चालेल. पुष्कळसे मोडीत असेल. गावात वाचणारे कुणी नसले तर पुराभिलेखागारातून किंवा मोडीच्या वर्गांतून शिकलेली माणसे आता जिल्ह्या-जिल्ह्यांत आहेत, त्यांना गाठा.

घर धुंडाळून झाले की गाव. सातारा आणि रत्नागिरी भागातल्या कितीतरी गावांत पहिल्या महायुद्धानंतर सरकारने संगमरवरी पाट्या बसवल्या. या गावातून इतके गेले, त्यांपैकी इतके मेले, एवढाच मजकूर. शाळेच्या भिंतीत, चावडीत, देवळाच्या ओवरीत त्या अजून आहेत, काही चुन्याखाली गेल्या आहेत. त्यांवर बहुधा नावे नसतात, पण तुमच्या कुटुंबातली आठवण खरी असल्याचा तो आधार आहे.

त्यानंतरचा कागद मला सगळ्यात भरवशाचा वाटतो आणि त्याच्याकडे कुणी वळत नाही. तो म्हणजे फेरफार. माणूस इराकात मेला काय किंवा ब्रह्मदेशात, गावातल्या जमिनीवरून त्याचे नाव कमी व्हायचे तर तलाठ्याला वारसनोंद करावी लागेच. परदेशी झालेला मृत्यू गावच्या जन्ममृत्यू रजिस्टरात येत नाही, पण फेरफाराच्या नोंदवहीत ‘अमुक मयत, वारस पत्नी अमुक, अज्ञान मुलगा अमुक’ अशी ओळ येते, तारखेसह. कधी ‘लढाईत मयत’ असेही लिहिलेले सापडते. नोंद मृत्यूनंतर वर्ष-दोन वर्षांनी झालेली असू शकते, हे लक्षात ठेवा. महाराष्ट्र शासनाने बऱ्याच जिल्ह्यांचे जुने अभिलेख स्कॅन करून ‘आपले अभिलेख’ या संकेतस्थळावर ठेवले आहेत. जिथे ते झाले नाही तिथे तहसील कचेरीत नकलेसाठी अर्ज करावा लागतो. या ओळीतून बायकोचे आणि बापाचे नाव पक्के होते, आणि पुढे परदेशी यादीतल्या दहा नावांतून आपला माणूस वेगळा काढताना याच दोन नावांचा उपयोग होतो.

ज्यांची शेती नव्हती त्यांच्यासाठी दुसरी वाट आहे. मृत्यूची बातमी आल्यावर नाशिकला किंवा त्र्यंबकेश्वराला जाऊन क्रियाकर्म केलेले असेल, तर तिथल्या तीर्थोपाध्यायांच्या नामावळीत पिढ्यांची नावे मिळतात. दक्षिण महाराष्ट्रात हेळवी येतात, त्यांच्या वहीतही वंशावळ असते.

एवढे झाल्यावर सरकारी आणि लष्करी कचेऱ्यांकडे वळा. आधी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय. तिथे पहिल्या महायुद्धातले फारसे काही नसते, पण दुसऱ्यातल्या पेन्शनधारकांची आणि विधवांची माहिती असू शकते, आणि पुढे कुणाला लिहायचे हे तिथे सांगतात. मग पलटणीच्या केंद्राचे अभिलेख कार्यालय : मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव, महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातले सागर, बॉम्बे सॅपर्ससाठी खडकी, ग्रेनेडियर्ससाठी जबलपूर. पत्र इंग्रजीत किंवा हिंदीत, एका पानाचे, नंबर-हुद्दा-नाव-पलटण वर ठळक. शंभर वर्षांपूर्वीच्या प्रत्येक शिपायाचा कागद जपला गेला असेल अशी आशा धरू नका. तरीही पत्र लिहाच, कारण नंबर बरोबर असेल तर भरतीची किंवा पेन्शनची एखादी ओळ मिळून जाते.

इथे पलटणींच्या नावांचा गुंता सोडवून घेतलेला बरा. पहिल्या महायुद्धात मराठा पलटणी सहा होत्या आणि त्यांना मोठे आकडे होते : १०३, १०५, ११०, ११४, ११६ आणि ११७. १९२२ साली या सगळ्या मिळून पाचवी मराठा लाइट इन्फंट्री झाली : १०३वी तिची पहिली बटालियन, १०५वी दुसरी, ११०वी तिसरी, ११६वी चौथी, ११७वी पाचवी, आणि ११४वी दहावी, म्हणजे प्रशिक्षण देणारी. म्हणून ‘११७ मराठा’ हे पहिल्या युद्धातले आणि ‘३/५ मराठा’ हे दुसऱ्यातले. खडकीच्या सॅपर्सचे तर पहिल्या महायुद्धात नाव नुसते ‘थर्ड सॅपर्स अँड मायनर्स’ होते, त्यात ‘बॉम्बे’ शब्दच नाही. ते ‘बॉम्बे’ टाकून शोधणाऱ्याला काहीच मिळणार नाही. ध्यानात ठेवण्यासारखी आणखी एक गोष्ट : पहिल्या युद्धात प्रत्येक पलटणीची नंबरांची मालिका वेगळी होती. २३४५ नंबरचा शिपाई १०३ मध्येही असेल आणि ११० मध्येही. नंबर आणि पलटण ही जोडी मोडू नका.

आता ज्या यादीसाठी हा सगळा खटाटोप, ती. १९१७ साली स्थापन झालेल्या आणि आज कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्ह्ज कमिशन म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संस्थेकडे दोन्ही महायुद्धांतल्या सुमारे सतरा लाख मृतांची नोंद आहे. यादी इंटरनेटवर आहे आणि फुकट आहे. त्यातली नोंद काढून देतो म्हणून कुणी पैसे मागितले तर देऊ नका. यादीत बसणाऱ्या तारखा ठरलेल्या आहेत : पहिल्या युद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१, दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७. या काळात नोकरीत असताना माणूस गोळीने मेला, तापाने मेला की अपघातात, याने फरक पडत नाही. मात्र जो जिवंत परतला आणि या तारखांनंतर घरी वारला, त्याचे नाव इथे नसणार. अशा माणसाची सेवा शोधायची तर पदक, डिस्चार्ज आणि पेन्शन एवढेच मार्ग राहतात. लोक महिनोन्महिने या यादीत परत आलेल्या माणसाला शोधत बसतात, म्हणून हे स्पष्ट सांगितले.

यादीत शोधताना इंग्रज कारकुनाच्या कानाने ऐका. त्याने जे ऐकले ते लिहिले. जाधवच्या शेवटी कधी ‘व्ही’, कधी ‘ओ’ आहे. पवारमध्ये ‘डब्ल्यू’ असतो, तर कधी पहिला स्वर ‘ओ’ होऊन पोवार होतो. सावंत ‘व्ही’नेही लिहिला आहे आणि ‘डब्ल्यू’नेही. भोसल्यांत मध्येच ‘एन’ घुसतो. पहिल्या युद्धातल्या कितीतरी नोंदींत आडनाव मुळी नाहीच, नुसते ‘राम’, ‘सखाराम’, ‘धोंडू’. म्हणून आडनावाच्या रकान्यात पहिले नाव टाकून पाहा, मग बापाचे नाव टाकून पाहा. तरी मिळाले नाही तर नावच सोडून द्या. पलटण निवडा, भारतीय सैन्य निवडा, मृत्यूच्या तारखांचा अंदाजी काळ द्या आणि येईल ती पूर्ण यादी उतरवून घ्या. मग ती घरी बसून ओळ-ओळ वाचा, जवळ गावातले एखादे जाणते माणूस घेऊन. पाचशे ओळी वाचायला एक संध्याकाळ लागते, आणि संगणकाला न ओळखता आलेले नाव चुलत आजीला ऐकताक्षणी कळते.

नोंदीच्या शेवटी ‘अधिक माहिती’ असते. तिथे ‘अमुकचा मुलगा, अमुकचा पती, अमुक गाव, तालुका, जिल्हा’ असे असेल तर नशीब. पण ती गावे त्या वेळच्या नकाशावर शोधा. सिंधुदुर्ग जिल्हा १९८१ पर्यंत नव्हता, तिथली गावे रत्नागिरीत किंवा सावंतवाडी संस्थानात. रायगड तेव्हा कुलाबा. वाळवे, तासगाव, खानापूर हे तालुके साताऱ्यात, सांगली जिल्हा नंतरचा. संस्थानी मुलखातला माणूस तर कागदावर वेगळ्याच राज्याचा रहिवासी असतो. गावाचे नाव कारकुनाने कसे लिहिले असेल ते मोठ्याने म्हणून पाहा.

एक नियम कडक पाळा. नंबर, पलटण, बापाचे किंवा बायकोचे नाव, गाव आणि मृत्यूचा काळ, यांतल्या निदान तीन गोष्टी जुळल्याशिवाय ‘हेच ते’ असे ठरवू नका. नुसते नाव आणि जिल्हा जुळला म्हणून दुसऱ्याच्या आजोबांना आपले मानून श्राद्ध घालणे हे त्या दुसऱ्या माणसावर अन्याय करणारे आहे.

आता ते कुठे आहेत, हा प्रश्न. इथे मन तयार ठेवावे लागते. आपल्यापैकी बहुतेकांना कबर सापडणार नाही, आणि याची कारणे दोन आहेत. पहिले साधे आहे. हिंदू शिपायाला शक्य तिथे दहन दिले गेले, त्यामुळे दगडाखाली देह नाही, दहन झालेल्यांची नावे एका स्मारकावर एकत्र आहेत. इंग्लंडमध्ये ब्रायटनजवळच्या टेकडीवर छत्री आहे, तिथे पहिल्या महायुद्धात इस्पितळात मेलेल्या ५३ हिंदू आणि शीख शिपायांना अग्नी दिला गेला. कोहिमाच्या युद्ध स्मशानात दहन-स्मारकावर ९१७ नावे आहेत. इरिट्रियातल्या केरेनला, इटलीत सांग्रो नदीकाठी, इजिप्तमध्ये अल अलामेनला अशीच दहन-स्मारके आहेत, आणि केरेनची १९४१ ची लढाई तर मराठा बटालियनींनी लढलेली आहे. मुसलमान शिपायांच्या मात्र कबरी असतात, कोकणातल्या मुस्लिम कुटुंबांनी त्या अवश्य शोधाव्यात.

दुसरे कारण सांगताना राग येतो, आणि तो यावाच. मेसोपोटेमियात मेलेल्या आणि कबर न सापडलेल्या चाळीस हजारांवर माणसांसाठी १९२९ साली बसऱ्याला स्मारक उभारले गेले. त्यावर ब्रिटिश शिपायांची नावे एकेक करून कोरली. भारतीयांपैकी फक्त अधिकाऱ्यांची कोरली. आपल्या शिपायांसाठी पलटणीचे नाव आणि पुढे मेलेल्यांचा आकडा, एवढेच. १०३, ११० आणि ११७ मराठा या पलटणी सहाव्या पूना डिव्हिजनबरोबर तिथे लढल्या, कूतच्या वेढ्यात उपाशी राहिल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कैद झाल्या. कित्येक कैदी पुढे वाटेत आणि तुर्कांच्या छावण्यांत मेले. त्या वेळी ज्या जिल्ह्यांतून ही माणसे गेली, तिथल्या घरांना त्यांच्या नावाचा दगडही मिळाला नाही. अमारा इथे नदीच्या डाव्या तीरावर भारतीय सैनिकांचे स्मशान आहे. तिथे सुमारे ५,००० माणसे आहेत आणि जवळजवळ सगळी अनाम, कारण दफनाच्या नीट नोंदी ठेवल्या नाहीत. एप्रिल २०२१ मध्ये कमिशनने स्वतःच नेमलेल्या समितीचा अहवाल प्रसिद्ध करून ही असमान वागणूक कबूल केली आणि माफी मागितली. निदान १,१६,००० मृतांची, मुख्यतः आफ्रिका आणि मध्यपूर्वेतल्यांची, नावाने आठवण ठेवलीच गेली नाही, असे त्यात म्हटले आहे.

बसऱ्याच्या दगडावर नाव नसले तरी कमिशनच्या यादीत भारतीय शिपायांची नावे आहेत. म्हणून ‘बसरा मेमोरियल’ असा शब्द नोंदीत दिसला तर त्याचा अर्थ नीट घ्या : देह कुठे आहे हे माहीत नाही, आणि दगडावर नावही नसण्याची शक्यता मोठी. शिवाय ते स्मारक १९९७ मध्ये मूळ जागेवरून हलवून शहराबाहेर नासिरियाच्या रस्त्यावर सुमारे बत्तीस किलोमीटरवर नेले आहे. जुने फोटो आणि जुने पत्ते यांवर जाऊ नका. इजिप्त आणि पॅलेस्टाइनमध्ये मेलेल्या जवळपास ४,००० भारतीयांचे सुएझजवळचे स्मारक १९६७ ते १९७३ च्या लढायांत मोडले. त्याच्याऐवजी कैरोजवळ हेलिओपोलिसला एक फलक आहे.

इतर बऱ्याच रणभूमींवर नावे कोरलेली आहेत. फ्रान्समधले नव्ह शापेल हे भारतीयांचे स्मारक, तिथे ४,७०० हून अधिक नावे आहेत. २८ ऑक्टोबर १९१४ रोजी त्याच गावात खडकीच्या सॅपर्सच्या २० आणि २१ क्रमांकाच्या कंपन्या पायदळासारख्या झुंजल्या आणि फार माणसे गमावली, तेव्हा पुणे-सातारकडच्या सॅपर कुटुंबांनी तिथून सुरुवात करावी. वायव्य सरहद्द आणि तिसऱ्या अफगाण युद्धातल्या मृतांची नावे दिल्लीच्या इंडिया गेटवर आहेत. दुसऱ्या युद्धासाठी ब्रह्मदेशातले रंगून मेमोरियल, जवळजवळ २७,००० नावे. सिंगापूरचे क्रांजी, २४,००० हून अधिक. इटलीतले कासिनो. आणि जे लढाईत नव्हे पण नोकरीत असताना देशात किंवा अन्यत्र मेले, अशा पंचवीस हजारांवर माणसांची नावे दिल्ली आणि कराची इथल्या स्मृतिग्रंथांत आहेत. नोंदीत ‘पॅनेल’, ‘कॉलम’ किंवा ‘फेस’ असा आकडा असतो, तो लिहून ठेवा. तो नसेल तर हजारो नावांच्या भिंतीपुढे उभे राहून एक नाव सापडत नाही.

कबर नसणे हा कमीपणा नाही हे समजण्यासाठी नाईक यशवंत घाडगे यांची नोंद पाहावी. माणगावजवळचे, ३/५ मराठा लाइट इन्फंट्रीचे. १० जुलै १९४४ रोजी इटलीत, टायबर नदीच्या वरच्या खोऱ्यात, त्यांच्या तुकडीतली बाकीची माणसे मशीनगनच्या माऱ्यात पडल्यावर ते एकटे मोर्चावर चालून गेले, मोर्चा घेतला आणि तिथेच गोळी लागून मृत्यू पावले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची ज्ञात कबर नाही, नाव कासिनो मेमोरियलवर आहे. ज्या भागात ते पडले, तिथल्या मोंतोने गावाने २०२३ मध्ये त्यांच्या नावाचे सूर्यघड्याळ उभारले. सर्वोच्च शौर्यपदक मिळालेल्या माणसाच्या बाबतीत हे असेल, तर तुमच्या पणजोबांचे हाडही न सापडण्यात त्यांच्या सेवेला काही उणे येत नाही.

कोकणातल्या घरांना आणखी एक सांगायचे. सगळे ‘लढाईत’ गेलेले शिपाई नव्हते. आगबोटींवर खलाशी, आगवाले, भंडारी म्हणून गेलेले आणि पाणबुडीच्या टोरपेडोने बुडालेले पुष्कळ. घरात खलाशाची ‘नळी’, म्हणजे त्याच्या नोकरीचा दाखला, असेल तर तीत जहाजांची नावे आणि तारखा असतात. पहिल्या युद्धातल्या अशा दोन हजारांवर खलाशांचे स्मारक मुंबईत मस्जिद बंदरच्या इंडियन सेलर्स होममध्ये आहे. दुसऱ्या युद्धातल्या सुमारे साडेसहा हजारांची नावे एका ग्रंथात आहेत, त्याची एक प्रत त्याच इमारतीत आणि दुसरी चितगावच्या युद्ध स्मशानात. शोधताना पलटणीच्या जागी ‘इंडियन मर्चंट नेव्ही’ आणि जहाजाचे नाव टाका. रत्नागिरीहून मुंबईला एका गाडीने जाता येते, आणि तरी या इमारतीत नाव पाहायला गेलेली घरे थोडी.

माणूस कैद झाला असेल तर वाट थोडी फुटते. पहिल्या युद्धातल्या कैद्यांच्या याद्या रेडक्रॉसच्या जिनिव्हातल्या आंतरराष्ट्रीय समितीने इंटरनेटवर खुल्या केल्या आहेत. जर्मनांनी पकडलेल्या आणि जर्मनीत मेलेल्या भारतीयांचे स्मशान बर्लिनच्या दक्षिणेला झेहरेन्सडॉर्फला आहे, तिथे २०६ भारतीय आहेत. दुसऱ्या युद्धात सिंगापूरला शरण गेलेल्यांपैकी काहींना जपान्यांनी न्यू गिनीच्या बाजूला कामाला नेले. तिथली लाए आणि राबौलची स्मशाने विसरू नका. कैदेत मेलेल्याची मृत्युतारीख कधी कधी नंतर कागदावर ठरवलेली असते, त्यामुळे घरातली आठवण आणि यादी यांत काही महिन्यांचा फरक पडला तर लगेच नोंद नाकारू नका. जे आझाद हिंद सेनेत गेले, त्यांच्यासाठी दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारातली दप्तरे पाहावीत. त्या संस्थेची ‘अभिलेख पटल’ ही सूची घरबसल्या चाळता येते.

मृत्यूची तारीख आणि बटालियन पक्की झाली, की त्या दिवशी काय घडले हे कळू शकते. प्रत्येक तुकडी रोज युद्धरोजनिशी लिही, आणि त्या लंडनजवळ क्यू इथल्या ब्रिटिश राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत. पहिल्या युद्धाच्या ‘डब्ल्यू ओ ९५’ या मालिकेत आहेत आणि त्यांतल्या पुष्कळ संगणकावर वाचता येतात. शिपायाचे नाव त्यात बहुधा येत नाही, ‘इतर हुद्द्यांचे अमुक मृत, अमुक जखमी’ एवढेच येते. पण पाऊस होता का, पाणी मिळाले होते का, मोर्चा कुठे होता, हे सगळे असते. समजा पणजोबा ४/५ मराठामध्ये होते आणि तारीख मार्च १९४४ मधल्या शेवटच्या आठवड्याच्या आसपासची आहे. तर ती मणिपूरमधल्या सांगशाकची लढाई असण्याची शक्यता मोठी. तिथे आजही इंफाळहून गाडीने जाता येते.

यादीत नाव नाहीच मिळाले, पण तबकडी आहे, तार आहे, फेरफार आहे. मग कमिशनला लिहा. सुटलेली नावे तपासून सामील करण्याचे काम ते करतात, आणि नावाचे, गावाचे स्पेलिंग चुकले असेल तर दुरुस्तीही करतात. त्यासाठी त्या काळातला कागद लागतो, नातवाचे प्रतिज्ञापत्र पुरत नाही. मूळ कागद कुणालाही पाठवू नका, स्वच्छ स्कॅन पाठवा, मोडी कागदाबरोबर लिप्यंतर आणि इंग्रजी भाषांतर जोडा. उत्तराला वेळ लागतो, पत्राचा क्रमांक जपून ठेवा. मिळालेली माहिती, स्मारकाचे नाव आणि पॅनेलचा आकडा यांसह, भावकीतल्या प्रत्येक घराला द्या आणि एक प्रत गावच्या शाळेत द्या. क्रांजीला किंवा ब्रायटनला स्वतः जाणे जमत नसेल तर तिथे राहणाऱ्या मराठी माणसाला आकडा कळवा, नावाचा फोटो काढून आणायला त्याला अर्धा दिवस पुरतो. आणि घरातले जुने कागद प्लॅस्टिकमध्ये लॅमिनेट करू नका. उष्णतेने शाई जाते आणि कागद पुन्हा सुटा करता येत नाही. आम्लरहित कागदाच्या पाकिटात, सपाट, कोरड्या जागी ठेवा, आणि पाकिटावर पेन्सिलीने नंबर, नाव, पलटण लिहा.